नजर खांद्यावर

हिवाळा नुकताच सुरू झाला होता, त्या दिवसांतल्या एका गुरुवारी, सायंकाळी सहाच्या सुमारास, नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावाच्या इमारतीत, वरच्या मजल्यावरील लांबट सभागृहात, वयाची साठी ओलांडलेला एक मनुष्य पायमोजे काढून रबरी गादीच्या कडेशी उभा राहिला. व्यवसायाने तो कवळ्या घडवणारा कारागीर होता. दंतवैद्यांकडून आलेल्या जबड्यांच्या ठशांत प्लास्टर ओतावे, मेणाच्या हिरड्यांवर एकेक दात बसवावा, आणि ज्याला कधी पाहिलेलेही नाही अशा माणसाच्या तोंडात शोभेल असे हसू तयार करून द्यावे, यात त्याची हयात गेली होती. मारामारीशी त्याचा संबंध आला असलाच, तर तो इतरांच्या पडलेल्या दातांपुरता.

कराटेचा वर्ग चालवणारे सर दिवसा मोटार चालवायला शिकवत. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात ब्रेक, गिअर आणि आरसे यांची वर्दळ असे. त्यांनी नव्या विद्यार्थ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिले.

"कशासाठी शिकायचंय, काका?"

"मार चुकवण्यासाठी."

"कोण मारतं?"

कारागिराने या प्रश्नाला बगल दिली. "मला उलट मारायचं नाही. समोरच्याचा हात माझ्या तोंडापर्यंत पोचू नये, आणि समोरच्याला लागूही नये. एवढंच शिकवता येईल का?"

"एवढंच!" सर हसले. "अहो, एवढंच शिकण्यात लोकांची निम्मी उमर जाते. त्यापेक्षा पळायला शिका. त्याला फीसुद्धा नाही."

"बाथरूममध्ये कुठे पळणार?"

सरांचे हसू थांबले. "मंगळवार आणि गुरुवार," ते म्हणाले. "नखं कापून यायचं."

मारणारी त्याची बायको होती, आणि ती निर्दोष होती. ही दोन विधाने शेजारी शेजारी ठेवली की ऐकणारा त्यांतले एक खोटे ठरवायला निघतो. म्हणून ती सावकाश तपासली पाहिजेत. शहरातल्या मोठ्या बेकरीत तिने ऐन तरुणपणापासून पावाचे पीठ मळले होते. ती ठेंगणी होती, पण तिचे दंड आणि मनगटे एखाद्या पहिलवानाला हेवा वाटावा अशी होती. निवृत्तीनंतर काही वर्षांनी तिला विस्मरणाचा आजार जडला. त्या आजाराने आधी माणसांची नावे नेली, मग रस्ते, मग चमचा कशासाठी असतो ते. बाहूंतले बळ मात्र त्याने शाबूत ठेवले. रोज सकाळी एक अनोळखी म्हातारा आपल्याला दाराआड नेतो आणि आपले कपडे उतरवतो, असे ज्या बाईला प्रामाणिकपणे वाटते, तिने हात उगारला तर तिचे चुकले असे कोण म्हणेल? कारागीर तर कधीच म्हणत नसे. एरवी त्याला प्रत्येक गोष्टीवर वाद घालायची खोड होती. भाजीवाल्यापासून दंतवैद्यापर्यंत कोणालाही त्याने सहजासहजी बरोबर ठरू दिले नव्हते. पण बायकोच्या माराविरुद्ध त्याला एकही मुद्दा सापडला नव्हता.

हिवाळ्याच्या सुरुवातीला तिच्या मुठीने त्याची भुवई फुटली आणि टाके घालावे लागले. त्या रविवारी मुलगी घरी आली. ती विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासत असे, आणि लोकांच्या हकिगती ऐकून ऐकून तिचे कान तयार झाले होते.

"दार लागलं," बाप म्हणाला.

"दाराला बोटांची हाडं असतात का, बाबा?"

"कपाटाचं दार होतं."

"मागच्या महिन्यात ओठ कशाने फुटला होता? खिडकीने?" तिने हातातला कप खाली ठेवला. "हे बघा. मी शुश्रूषागृहात जागा बघून ठेवलीय. चांगली आहे, बाग आहे, दिवसरात्र नर्स असते. आता तुमच्या तोंडावर आणखी एक जरी खूण दिसली, तरी आई तिकडे जाणार. मग मी तुमचं काही ऐकून घेणार नाही."

"तुझी आई म्हणजे सामान नाही, कुठेतरी नेऊन ठेवायला."

"आणि तुम्ही पंचिंग बॅग नाही."

"तिथे तिला कोण ओळखणार?"

"ती तरी तुम्हाला कुठे ओळखते?"

हे वाक्य तोंडून निघताच मुलीला त्याचा पश्चात्ताप झाला. पण अट तिने मागे घेतली नाही. पुढच्याच आठवड्यात कारागिराने शेजारणीला आठवड्यातून दोन संध्याकाळी बायकोजवळ बसण्याची विनंती केली, आणि तलावाच्या इमारतीचा जिना चढला. एक खूण पडली की बायको जाणार, म्हणून खूण पडू द्यायची नाही: त्याच्या लेखी प्रश्न इतका सरळ होता.

वर्गात त्याची जोडी एका प्लंबरशी लावण्यात आली. हा गडी रुंद, थट्टेखोर आणि स्वभावाने मऊ होता. म्हातारा पहिल्या दिवशीच त्याला म्हणाला, "हवं तेवढं मारा, पण तोंडावर खूण उमटता कामा नये."

"मग मारू कुठे, कवळीकाका? पत्ता द्या."

सरांनी म्हाताऱ्याच्या डोक्याला जाड गादीचे हेल्मेट बांधले आणि प्लंबरच्या हातांत मोठाले हातमोजे चढवले. पुढचे काही आठवडे जे घडले त्याला लढत म्हणणे हा लढतीचा अपमान होईल. प्लंबर हळूच हात पुढे करी, आणि तो हात कारागिराच्या कानशिलावर जाऊन बसे. डावा, उजवा, सरळ, वळसा घेऊन, कसाही आला तरी तो न चुकता पोचे. म्हाताऱ्याचे हात वर असत, पाय जागेवर असत, श्वास चालू असे, आणि तरीही टोला लागे. सरांना हे कोडे उलगडेना. अखेर एका मंगळवारी त्यांनी टाळी वाजवून दोघांना थांबवले.

"काका, बघताय कुठे तुम्ही?"

"तोंडाकडे."

"ह्याच्या तोंडाकडे? काय आहे त्याच्यात बघण्यासारखं?"

"वरचा उजवा सुळा झिजलाय. हे झोपेत दात खातात," कारागीर गंभीरपणे म्हणाला. प्लंबरने झटकन तोंड मिटले.

"बायकोने सांगितलं की काय ह्यांना!" तो पुटपुटला, आणि सगळे सभागृह हसले.

पण कारागीर हसला नाही. त्याला वादाचा मुद्दा मिळाला होता. "सर, माझं म्हणणं ऐकून घ्या. माणूस जोर लावायच्या आधी दात आवळतो. जबड्याच्या कोपऱ्यात स्नायू फुगतो. मला तो दिसतो. म्हणजे मी योग्य ठिकाणीच बघतोय."

"दिसतो ना?"

"स्पष्ट दिसतो."

"मग लागतं कसं?"

कारागीर हेल्मेटचा पट्टा चाचपू लागला.

सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तोंड बघून तुम्हाला समोरच्याच्या मनात काय आहे ते कळतं. मनात काय आहे ते कळून काय उपयोग? हात कुठून येतोय ते कळायला पाहिजे. मी गाडी शिकवताना सांगतो, समोरून येणाऱ्या ड्रायव्हरचा चेहरा बघू नका, चाकं बघा. चेहरा काहीही म्हणू दे, गाडी चाकं वळतील तिकडेच जाणार. तसा हात खांद्यातून निघतो. खांदा हलला की निघाला. तोंड विसरा. नजर खांद्यावर."

प्रौढ माणसाला नवे शिकवणे सोपे असते. जुने सोडायला लावणे कठीण. कवळ्या घडवणाऱ्याच्या नजरेला तोंडाची ओढ इतकी खोल लागलेली होती, की रस्त्यात भेटलेल्या परिचितालाही तो आधी दातांवरून ओळखी. ती नजर तो रोज ओढून खाली आणू लागला. बसथांब्यावर उभा असताना तो लोकांच्या गळपट्टीकडे पाही. दुकानदाराशी बोलताना त्याच्या बाह्यांच्या शिवणीकडे पाही. सर त्याला आलेला हात तळव्याने अलगद वाटेला लावायला शिकवत होते, कारण त्याची मागणीच तशी होती. मात्र प्लंबर अगदी अंगाशी येऊन भिडला आणि तळव्याला जागा उरली नाही, की म्हाताऱ्याचा कोपर आपसूक वर येई आणि हाताचे हाड आडवे पडे. ते सरांनी मुद्दाम शिकवले नव्हते. ज्याला बरेच दिवस मार बसला आहे असे शरीर आपल्यापुरता एखादा धडा स्वतःच तयार करते. पहिल्यांदा तसे घडले तेव्हा प्लंबरने हात झटकला.

"अग्गाई! काका, पाइप आहे का आत?"

"शाब्बास!" सर म्हणाले. "आता गाडी रस्त्याला लागली."

आणि खरोखरच लागली. वसंत ऋतू सुरू झाला तोवर घरातली परिस्थिती पालटली. सकाळी स्नानाच्या वेळी बायकोचा खांदा किंचित मागे जाई, आणि तिची मूठ येईपर्यंत कारागिराचा तळवा वाटेत हजर असे. मूठ हवेत भलतीकडे निघून जाई, तिला काही लागत नसे, त्याला काही लागत नसे, आणि तेवढ्यात तो दुसऱ्या हाताने टॉवेल तिच्याभोवती गुंडाळून घेई. दर रविवारी मुलगी त्याची हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे वळवी आणि दावा तपासावा तसा तो तपाशी.

"काही नाही," ती एकदा म्हणाली. तिच्या आवाजात आश्चर्य होते. "आई शांत झालीय का?"

"मी हुशार झालोय."

"या वयात?"

"तुझ्यावर गेलोय," तो म्हणाला, आणि कितीतरी महिन्यांनी बापलेक एकत्र हसली. मुलीने शुश्रूषागृहाचा विषय काढणे सोडून दिले. आपण जिंकलो, असे त्याला वाटले. आणि तसे वाटण्याचा त्याला अधिकारही होता.

परंतु या यशाची जी किंमत मोजली जात होती तिच्याकडे त्याचे लक्ष नव्हते. बायकोचे तोंड त्याच्याइतके कोणी वाचले नव्हते. बोलणे आटल्यानंतरही तिच्या खालच्या ओठाच्या थरथरीवरून त्याला भूक कळे, थंडी कळे, रडू येऊ घातले आहे हे कळे. मार मिळत होता त्या दिवसांतही हे वाचन सुरू होते. आता तो तिला आंघोळ घाली, केस विंचरी, बटणे लावी, आणि हा सारा वेळ तिच्या गळ्याच्या हाडाकडे पाहत राही. एका सायंकाळी शेजारीण म्हणाली, "आज केवढ्या हसल्या हो वहिनी! तुम्ही स्वेटर घालत होतात तेव्हा. बघितलंत ना?"

"कधी?"

"आत्ताच. तुमच्यासमोर."

"मी बटणं लावत होतो," तो म्हणाला.

शेजारीण आपल्या घरी गेली.

मग एका शनिवारी, सकाळी दहाच्या सुमारास, ते घडले. कारागीर मागच्या खोलीत कामाला बसला होता. एका शिक्षिकेची खालची कवळी त्याला सोमवारी द्यायची होती. वाळलेला साचा घासता घासता प्लास्टरची भुकटी त्याच्या हातांवर, चष्म्यावर आणि गालावर बसली. बायको पुढच्या खोलीत उन्हात खुर्चीवर होती. तिच्या दुधाची वेळ झाली म्हणून तो तसाच उठला, कप घेऊन तिच्यापाशी गेला आणि तिच्या गुडघ्यांसमोर वाकला. ती त्याच्याकडे पाहत होती. तिने काहीतरी म्हटले. ते त्याने ऐकले नाही, कारण त्याच क्षणी तिचा उजवा खांदा हलला.

अंतर फार थोडे होते. तळव्याला जागा नव्हती. त्याचा कोपर वर आला आणि हाड आडवे पडले. साच्यातून सोडवताना एखादा दात मुळाशी तुटावा तसा बारीक, कोरडा आवाज झाला. कप जमिनीवर पडून फुटला.

तेव्हा त्याने तिच्या तोंडाकडे पाहिले. ओठ अजून एका शब्दाच्या आकारात होते, आणि तो शब्द तिने पुन्हा उच्चारला, या वेळी वेदनेने अर्धा गिळून.

"पीठ."

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत दोघेही कामावरून पांढरी होऊन घरी येत. ती मैद्याने, तो प्लास्टरने. दारातच एकमेकांचा गाल पुसून मग आत यायचे, असा त्यांचा परिपाठ होता. घर मोठे झाले, मुलगी झाली, कामाच्या पाळ्या बदलल्या, आणि तो परिपाठ कधीतरी मागे पडला. त्याची आठवण त्यालाही उरली नव्हती. तिला मात्र त्या सकाळी ती आठवण होती. किंवा तिला एवढेच दिसले असेल की समोरच्या माणसाच्या गालाला पीठ लागले आहे आणि ते पुसले पाहिजे. यांतले खरे काय, हे ठरवण्याचा आता काही मार्ग नाही. तिचा पंजा उघडा होता, एवढे मात्र त्याने पाहिले. मूठ नव्हती.

"अगं, दाखव, दाखव मला," तो म्हणाला आणि त्याने तिचा हात धरू पाहिला. ती खुर्चीसकट मागे सरकली.

इस्पितळात तरुण डॉक्टरने मनगटाचे क्ष-किरण चित्र दिव्यासमोर धरले. "दोन ठिकाणी मोडलंय. पडल्या का?"

"नाही."

"मग?"

"मी मोडलं."

डॉक्टरने चित्र खाली घेतले. कारागिराने सगळी हकिगत सांगितली, क्रमाने, एकही गोष्ट न गाळता. खांदा, कोपर, उघडा पंजा, सारे. स्वतःच्या बाजूचा एकही मुद्दा त्याने मांडला नाही. डॉक्टर ऐकत राहिला आणि शेवटी एवढेच म्हणाला, "मुलांपैकी कोणी आहे का? त्यांना बोलवून घ्या."

मुलीला फोन केल्यावर त्याने सरांना फोन केला.

"सर, मी मंगळवारी येणार नाही. आता येणारच नाही."

"का हो, काका? एवढा छान हात बसलाय तुमचा."

"हो," तो म्हणाला. "बसलाय."

मुलगी दुपारी पोचली. आईला खिडकीजवळच्या खाटेवर बसवले होते. कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टर घातलेला हात गळ्यातल्या झोळीत होता. नर्स तिला चमच्याने भात भरवत होती आणि ती मुकाट्याने तोंड उघडत होती. बाप खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दाराजवळच्या स्टुलावर बसला होता. मुलगी आधी आईकडे गेली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मग बापासमोर येऊन उभी राहिली. सवयीने तिने त्याची हनुवटी धरली, चेहरा उजेडाकडे वळवला. गालावर प्लास्टरची भुकटी तशीच होती. बाकी काही नव्हते. तिने हात काढून घेतला.

"डॉक्टरांनी सांगितलं मला," ती म्हणाली. "तुम्ही हे शिकायला जात होतात?"

"तिला लागू नये म्हणून."

"मला सांगितलं का नाही?"

"तू नको म्हणाली असतीस."

"म्हणाले असते," ती म्हणाली. "बाबा, मी खूण पडू देऊ नका म्हटलं, ते मदतीला माणूस घ्या म्हणून. तुम्ही थकलात हे कबूल करा म्हणून. मला वाटलं नव्हतं तुम्ही..."

"मी ऐकतोय. आता तू माझं ऐक." बाप उठून उभा राहिला, वाद घालायची जुनी ताकद त्याने कुठूनशी गोळा केली. "हा अपघात होता. कारण मला कळलंय. मी चुकीच्या ठिकाणी बघत होतो. आता नाही बघणार. पूर्वीसारखा तोंडाकडेच बघेन. खाईन मार. मदतीला बाई ठेवू. खुणा पडल्या तर पडू देत, त्या मला चालतात. तुझी अट तेवढी काढून टाक."

"आणि हात आपोआप वर आला तर?"

"नाही येणार."

"आज तुम्ही ठरवून आणलात का वर?"

मग, बोलून जे सिद्ध होत नाही ते करून दाखवता येईल अशा आशेने, तो खाटेकडे निघाला. झोळीची गाठ बायकोच्या मानेला काचत होती. ती सैल करावी, एवढाच त्याचा हेतू होता. हात त्याने खाली, अंगाशी ठेवले होते. पावले हळू टाकली होती. नजर तिच्या तोंडावर होती.

नर्सच्या चमच्याकडे पाहणारे ते तोंड त्याला जवळ येताना पाहून मिटले. खालचा ओठ आत गेला. तिने हनुवटी छातीकडे घेतली, झोळीतला जड हात कष्टाने वर उचलला, त्याच्यावर दुसरा हात धरला आणि दोहोंच्या आड आपला चेहरा लपवला. दोन्ही कोपर बरगड्यांशी घट्ट मिटलेले होते. तिला हे कोणी शिकवले नव्हते.

तो जिथे होता तिथेच थांबला. नर्सने चमचा ताटात ठेवला.

मुलगी पुढे आली, बापाच्या आणि खाटेच्या मधे उभी राहिली, आणि पूर्वी कधीही बोलली नव्हती इतक्या हळू म्हणाली, "बाबा, आई घरी येणार नाही."